चटयांच्या खोलीतल्या आम्ही दोघी

"इसको ज़रा दूर बिठाइए. काग़ज़ गीले हो रहे हैं."

तपासणीच्या साहेबानं हे माझ्या आईला सांगितलं. लाळ माझी गळत होती, समोर मी बसले होते, पण बोलणं आईशी. मी अकरा वर्षांची. आमच्या गावच्या लालबाग भागातल्या एका शाळेच्या हॉलात अपंग मुलांच्या तपासणीचं शिबिर होतं. टेबलावर लाल-पांढरे लाकडी ठोकळे. साहेबाच्या हातात स्टॉपवॉच. त्यानं चार ठोकळे जोडून एक नक्षी केली, मोडली आणि म्हणाला, "बनाओ."

काय करायचं ते मला कळलं होतं. पण मी घाबरले होते. आणि मी घाबरले की माझं अंग माझं राहत नाही. मान मागे ओढली जाते. तोंड वाकडं होतं. उजवा हात आपोआप उडतो. जितकी भीती जास्त तितका हात जोरात. त्या दिवशी हात उडाला आणि सगळे ठोकळे खाली. एक साहेबाच्या बुटावर पडला.

त्यानं घड्याळ बंद केलं. "हो गया. ले जाइए."

"साहब, घर में सब समझती है वो," आई म्हणाली.

"हर माँ यही बोलती है."

त्यानं कागदावर लिहिलं, शिक्का मारला. बाहेर येऊन आई टांग्याची वाट बघत उभी राहिली. मी भिंतीला टेकून होते. कागद तिच्या हातात होता. मी वाचला. "मंदबुद्धि. सामान्य कक्षा के योग्य नहीं."

पुड्यांचे कागद आणि बाबांचा पेपर बघत बघत मी घरीच वाचायला शिकले होते. मराठी आणि हिंदी, दोन्ही. मंदबुद्धी हा शब्द मला कुणी वाचून दाखवला नाही. मीच वाचला.

आमचं गाव हिंदी मुलखातलं, तापीकाठचं; तिथे आम्ही बुधवारा पेठेत राहायचो. बाबा पॉवरलूमवर होते. घरात एक खोली आणि मागे मोरी. माझा जन्म तिथेच झाला. आई सांगायची, दोन दिवस कळा, नाळ गळ्याभोवती, आणि मी निळी. रडलेच नाही. दाईनं पाठीवर थापट्या मारल्या, गार पाणी शिंपडलं, तेव्हा कुठे आवाज निघाला. पुढे एका डॉक्टरांनी सांगितलं की तेवढ्या वेळात मेंदूला हवा कमी पडली, काही भागाला इजा झाली. किती भागाला, कोणत्या, ते त्यांनी सांगितलं नाही. आईनं विचारलं नाही.

कागद आल्यावर मी त्या इजेला भ्यायला लागले. आमच्याकडे केळ्याला काय तोटा. कधी कधी वरून पिवळंधमक केळं सोलावं तर आत मधोमध काळं निघतं. माझं डोकं तसं असेल, असं मला वाटायचं. मी गुपचूप स्वतःची परीक्षा घ्यायची. सतरापर्यंत पाढे मनात म्हणायची. येत. बाबांनी वाचलेली बातमी दुसऱ्या दिवशी शब्दाला शब्द आठवायची. आठवे. मग डोळे मिटून बुधवाऱ्यातून इतवाऱ्यात जायचा रस्ता मनात काढायची, आणि तिथे सगळं विस्कटायचं. कोणतं वळण आधी, मशीद डाव्या हाताला की उजव्या, काहीच जागेवर बसायचं नाही. रोज आईच्या कडेवरून, पुढे तिच्या खांद्याला धरून गेलेला रस्ता. तो मला येत नव्हता. मग परत पहिल्या वळणापासून सुरू करायची. साहेब खरं बोलला असेल तर?

हे मी कुणाला सांगितलं नाही. माझं बोलणं आईशिवाय कुणाला समजायचं नाही, आणि आईला हे सांगायची छाती नव्हती.

त्या वर्षांत सरकारची नवी योजना आली होती. एकीकृत शिक्षा. अपंग मुलांनी साध्या शाळेत, सगळ्यांबरोबर शिकायचं. त्या योजनेतून आईनं माझं नाव शाळेत घातलं होतं, म्हणून कागद आल्यावरही शाळेनं ते काढलं नाही. मोठ्या बाईंनी आईला ऑफिसात बोलावलं. तिथे इतवाऱ्यातल्या एका कापडवाल्याची बायको बसली होती. "हमारी बच्ची इसको देखकर डरती है," ती म्हणाली. मोठ्या बाईंनी माझा कागद टेबलावर ठेवला, त्यावर बोट ठेवलं. "नाम रजिस्टर में रहेगा. बैठेगी नीचे."

खाली म्हणजे जिथे कार्यक्रमाच्या चटया, मोडकी बाकं आणि एक फाटक्या भात्याचा हार्मोनियम ठेवला होता, ती खोली. खिडकी एक, तीही उंच. तिथे मुन्नी आधीपासून होती.

मुन्नी तेरा वर्षांची. तिचे आईबाप तापीकाठच्या मळ्यात केळीचे घड वाहायचे. ती चालायची, धावायची, मोठ्यानं हसायची. पण पाचाच्या पुढे मोजता येत नव्हतं. एकच गोष्ट दहा वेळा विचारायची. "तेरा नाम क्या? तेरा नाम क्या?" मी सांगायची, तिला कळायचं नाही, ती परत विचारायची.

मी तिचा तिरस्कार केला. हे सांगताना आजही अंग आखडतं, पण खरं ते खरं. मला वाटायचं, हिच्याजवळ बसले तर मी हिच्यासारखी होईन. पहिल्याच दिवशी मी आईला म्हटलं, "मला तिच्यापासून लांब बसव." साहेबानं टेबलाशी जे सांगितलं तेच. आईनं बसवलं. मुन्नी उठून परत माझ्याजवळ आली आणि आपल्या ओढणीनं माझं तोंड पुसलं. रोज पुसायची. मी मान फिरवायची. मान माझ्या ताब्यात नसल्यामुळे ती बहुतेक वेळा तिच्याकडेच फिरायची, आणि तिला वाटायचं मी खेळतेय.

पहिली तीन वर्षं आम्ही त्या खोलीत अशीच काढली. वर वर्गात कविता चालायच्या, त्या छतातून ऐकू यायच्या. मी त्या पाठ केल्या.

तिसऱ्या वर्षी आशाताई आल्या. आमच्यासारख्या मुलांना शिकवायला आठवड्यातून दोनदा लूनावरून यायच्या. त्यांनी पुठ्ठ्याची पाटी करून तिच्यावर अक्षरं लिहिली. त्या अक्षरांवरून बोट फिरवायच्या, आणि मला हवं ते अक्षर आलं की मी डोळे मिटायचे. इतकं साधं. चौदा वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी जे विचारलं त्याला अर्धा तास लागला. "माझं डोकं किती खराब आहे?"

ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हात चुकतो ते वेगळं आणि डोकं चुकतं ते वेगळं. तुझ्यात दोन्ही आहे. शब्द तुला पटापट येतात. आकार, दिशा, रस्ते अवघड जातात. मेंदूला जिथे लागलंय तिथे लागलंय. बाकीचा शिकतोच आहे. लागलेला भागसुद्धा हळूहळू वाट काढतो. घाई करायची नाही."

मी त्या दिवशी रडले. गोड बोलल्या म्हणून नाही. त्यांनी माझ्याशी खोटं बोलायचं टाळलं म्हणून.

त्यांनी लेखी अर्ज करून माझी पुन्हा तपासणी मागितली. तोच साहेब शाळेत आला. चटयांच्या खोलीतच टेबल लावलं. आधी मुन्नीला बसवलं. पाच प्रश्न विचारले असतील. मग पेन ठेवून त्यानं विचारलं, "शादी करेगी?" मुन्नी आनंदानं हो म्हणाली. दारातल्या मास्तरणी हसल्या. मुन्नीही हसली, त्यांच्याहून मोठ्यानं. मी घाबरले. तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी. पुढची पाळी माझी होती.

साहेबानं ताईंना पाटीला हात लावू दिला नाही. "आप बुलवा देंगी." स्वतःचं बोट अक्षरांवरून फिरवलं. मी डोळे मिटत गेले. शब्दांचे अर्थ सांगितले. गोष्ट ऐकून उत्तरं दिली. नकाशाची आणि आकारांची चित्रं चुकले, बरीच चुकले. पण त्याचं बोट थांबलं. पहिल्यांदाच त्यानं माझ्या तोंडाकडे न बघता डोळ्यांकडे बघितलं.

"अरे! ये तो समझती है," तो मोठ्या बाईंना म्हणाला. "इसको उस पगली के साथ क्यों बिठा रखा है?"

मला आनंद झाला. इतका की पाय खुर्चीवर आपटायला लागले. तीन वर्षं मी याच वाक्याची वाट बघत होते. मी मुन्नीसारखी नाही, असं एखाद्या साहेबानं म्हणावं. म्हटलं.

मुन्नी माझ्या पायांचा आवाज ऐकून धावत आली आणि माझं तोंड पुसायला लागली.

साहेब तिला म्हणाला, "चल हट."

तिचा हात माझ्या गालावर तसाच राहिला. ती घाबरली होती. मुन्नी घाबरते हे मला त्या क्षणी कळलं. तीन वर्षांत मी बघितलंच नव्हतं. तिला मोजता येत नव्हतं, पण 'हट' तिला समजत होतं. मला जसा तो कागद समजला होता.

"दो पन्ने बाकी हैं," साहेब म्हणाला. "फिर तुम ऊपर क्लास में."

त्याचं बोट पाटीवर आलं. मी अक्षरं दिली. उ. स. को. भी.

"उसको भी?" तो म्हणाला. "उसका केस अलग है. चलो, आगे."

मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती. वरचा वर्ग दोन पानांवर होता. अंग ताठ झालं. मला वाटलं मी खुर्चीतून पडणार. बोट परत अक्षरांवरून फिरायला लागलं. मी डोळे मिटले आणि उघडले नाहीत.

"क्या हुआ? आँखें खोलो."

नाही उघडले.

आईचा आवाज आला, "अगं, उघड ना. उघड, माझ्या माय." मी नाही उघडले. साहेबानं कागद गोळा केल्याचा आवाज आला. त्यानं काय लिहिलं ते नंतर कळलं. "सहयोग नहीं करती."

टांग्यात, गांधी चौक मागे पडला तेव्हा आई म्हणाली, "हातातलं घालवलंस. त्या पोरीसाठी? ती तुझी कोण?"

आम्ही आणखी एक वर्ष खालीच बसलो. आशाताई अर्ज करत राहिल्या. मी सांगायची, त्या लिहायच्या. योजनेत मूल वर्गात बसवा असं आहे, हुशार मूल बसवा असं कुठे आहे, हे मी सांगितलेलं वाक्य. एका अर्जावर आईनं मुन्नीच्या आईचा अंगठाही आणला. स्वतः मळ्यात जाऊन. पुढच्या जुलैत आम्हाला वर नेलं. शेवटच्या बाकावर. मुन्नी दीड वर्ष टिकली. स्वतःचं नाव लिहायला शिकली. मग तिच्या घरच्यांनी तिला कामाला नेलं. मळा बदलला, गाव बदललं. पुन्हा भेट नाही. मी स्वाध्यायी म्हणून, म्हणजे बाहेरून बसून, दहावी झाले, लेखनिक घेऊन. गणिताची पूरक परीक्षा द्यावी लागली. आजही इतवाऱ्यात एकटी सोडली तर चुकेन.

आता त्याच शाळेनं मला बोलावलंय. अपंग मुलांच्या पालकांसमोर चार शब्द बोला म्हणे. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "आपको ग़लती से मंदबुद्धि लिख दिया था ना, वही बताइए."

मी जाणार आहे. भीती वाटतेय, हा कागद लिहून घेतानाही वाटतेय. स्टेजवर अंग उडेल, लोक नजर चुकवतील. पण माझ्या बाबतीत चूक झाली होती, असं मी म्हणणार नाही. ते म्हटलं की मुन्नीच्या बाबतीत बरोबर होतं, असं होतं. कागद खरा असता तरी वर्ग माझा होता. तिचा कागद खरा होता, तरी तिचाही होता. एवढंच सांगेन. टाळ्या नकोत. खाली कुणाला बसवलंय, ते आधी दाखवा. मी तिथे जाऊन बसेन, आणि ते पोर वर जाईपर्यंत उठणार नाही.