कूलरवरची आयव्ही

मंडळी, आज मी जिंकले!

गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या बहिणीकडून मी आयव्हीची कुंडी आणली. आयव्ही म्हटलं की कुणाला अमेरिकेतली मोठी कॉलेजं आठवतात, कुणाच्या लेकीचं ते नावच असतं. माझ्या सासऱ्यांनी मात्र थंड मुलखातली ही वेल बघताक्षणी निकाल दिला, "अकोल्याच्या उन्हात मानूस सुकते, हे काय जगते!"

असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. उन्हाळा लागताच मी कुंडी मागच्या सावलीतल्या खिडकीशी नेली आणि बरोबर कूलरखाली ठेवली. कूलरचं पाणी दिवसभर तिच्यावर ठिबकायचं. अंगणातला मोगरा करपला, पण ही पठ्ठी वाढतच गेली.

आज सकाळी नवरा कूलर काढायला गेला. बघतो तर वेल स्टँडवरून चढून कूलरच्या जाळीत घट्ट रुतलेली. त्यानं एक फांदी ओढली आणि मागून सासरे ओरडले, "कावून तोडून राहिला बे? राहू दे कूलर तिथंच!"

"बाबा, हिवाळाभर खिडकीतून गार वारा येईल ना."

"मंग सेटर घालजो!"

मी स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त नाचले. बाहेर येऊन बघते तर सासरे वेलीला गच्चीपर्यंत सुतळी बांधून देत होते.

तुमच्याकडचे कूलर माळ्यावर गेले का हो? आमचा नाही जाणार. तिथं आता आयव्ही राहते.