चिखलावरची होडी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. आमच्या शेजारचे फौजीकाका. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला. बारावीनंतर वडील मला कंटेनर यार्डात लावणार होते. त्यात त्यांची काही चूक नव्हती, आमच्या जासई गावाकडची बरीच मुलं तिथेच जात. पण एका सकाळी फौजीकाका इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "याला मी पनवेलला नेतो. कॉलेजान." प्रवेशाच्या रांगेत ते दोन दिवस माझ्याबरोबर उभे होते. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "आपण मुलाचे कोण?" काका म्हणाले, "शेजारी. का, शेजारी चालत नाय?"

अशा माणसाला गावात मात्र सगळे हसत. कारण त्यांची लढाईची गोष्ट.

ती आम्ही पोरांनी शंभरदा ऐकली होती. बांगलादेशच्या लढाईत काका आणि त्यांचा एक दोस्त खाड्यांच्या जंगलात टेहळणीला गेले होते. वळणावरून शत्रूची होडी आली, गोळ्या सुटल्या आणि दोस्त जागीच गेला. काका कमरेइतक्या चिखलात झाडांच्या मुळांत दडले. त्यांची तुकडी मागे राहिली होती. पाच दिवस ते एकटेच होते. हाताने चिखलातल्या निवट्या मासळ्या आणि चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरून कच्च्या खाल्ल्या. पहाटेचं दव बनियनने टिपून तोंडात पिळलं. "मिठागरावर वाढलो म्हणून जगलो," ते सांगत. "शहरातला असता तं दुसऱ्याच दिवशी गेला असता."

परत फिरायची वाट होती, पण ते फिरले नाहीत. ती होडी सोडायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. सहाव्या पहाटे ती सापडली. पौर्णिमा होती. चार शिपाई किनाऱ्यावर चूल पेटवत होते. काकांच्या बंदुकीत दोन गोळ्या उरल्या होत्या. ते थांबले. खाडी काठोकाठ भरली, पाणी क्षणभर स्थिर झालं आणि ओहोटी लागली. तेव्हा त्यांनी सुरीने दोर कापला आणि होडीच्या तळाशी आडवे झाले. आवाज न करता पाण्याने होडी नेली. चौघांच्या लक्षात येईपर्यंत त्यांच्या आणि होडीच्या मध्ये नुसता चिखल उरला होता. दुपारी होडी आपल्या सैन्याच्या हाती आली, दुसऱ्या दिवशी ते चौघेही. इथे काका बोट वर करून म्हणत, "एक बी गोळी नाय उडवली. ज्या होरीनं माजा दोस्त मारला, ती होरीच आनली!"

आणि इथेच मिठागरावरची म्हातारी मंडळी त्यांना पकडत. आमच्याकडे भरतीचं गणित पोराबाळांना पाठ असतं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनला भरती, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला. भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे पौर्णिमेच्या पहाटे खाडी सुकी.

"फौजी, पुनवंच्या पहाटं पानी भरलेला?" एकजण डोळा मारून विचारी.

"भरलेला. मी डोल्यानी बगितला."

"आरं, तवा तं चिंबोऱ्या बी चालत जातान! तुजी होरी काय चिखलावर चालली?"

"तिला चाकं होती रं!" दुसरा म्हणे आणि हशा पिकायचा. काका चहा अर्धा ठेवून उठून जायचे.

दर शिमग्याला धुळवडीच्या दिवशी पोरं फौजीचं सोंग काढत. फुटक्या टोपलीची होडी, आत पेंढ्याचा शिपाई आणि भर रस्त्यावरून दोरीने ओढत, "आली चिखलावरची होडी!" काका त्या दिवशी दार लावून बसत. ती दोरी मीही ओढली आहे.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी भूगोलाच्या सरांनी भरती-ओहोटी शिकवली. मी मोठ्या ऐटीत उठून आमचं पाऊणपटीचं गणित सांगितलं. सर खूश झाले. मग म्हणाले, "वा! पण हे तुमच्या किनाऱ्याचं घड्याळ आहे. दुसरीकडे ते चालायचं नाही." मी खाली बसलोच नाही. तास संपल्यावर त्यांच्या मागे थेट ग्रंथालयात गेलो.

त्या काळी मी पनवेलला मामाकडे राहत होतो. गावात दुकानात फोन होता, पण काकांचं म्हणणं, चांगली बातमी कागदावर यावी, पलटणीत तशीच येत असे. म्हणून मी पत्र टाकलं. पनवेलहून जासईला पोहोचायला त्याला चार दिवस लागले.

काकांनी ते चहाच्या टपरीवर मास्तरांकडून मोठ्याने वाचून घेतलं, एकदा नाही, तीनदा. सगळ्यात जास्त चिडवणाऱ्या म्हाताऱ्याने पत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाला, "म्हंजी सगल्या दर्याला आपलाच घड्याल नाय?"

"नाय."

"मंग तू आमाला आदी का नाय सांगितला?"

"मला तरी कुठं ठावं व्हता!" काका म्हणाले, आणि या वेळी हशा त्यांच्यावर नाही, त्यांच्या बोलण्यावर पिकला.

त्या शिमग्याला सोंग निघालंच. फक्त होडी खरी होती, हातगाडीवर चढवलेली, आणि आत पेंढ्याच्या शिपायाऐवजी छातीवर पदक लावलेले फौजीकाका. दोरीला पुढे तोच म्हातारा. आयुष्यात मी इतका नाचलो नाही.

परवा गावी गेलो तेव्हा काकांनी ट्रंकेतून ते पत्र काढून दाखवलं. घड्यांवर चिकटपट्टी लावली आहे. मी ते तिथेच बसून उतरवून घेतलं.

"ती. स्व. फौजीकाकांस सा. न. वि. वि.

मी मजेत आहे, अभ्यास बरा चालला आहे. पत्रास कारण की, आपलं पाऊणपटीचं गणित फक्त आपल्या किनाऱ्याचं आहे. सरांनी मला पुस्तकात दाखवलं. भरती समुद्रातून खाडीत शिरते आणि जितकं आत जावं तितकी उशिरा पोहोचते. तुम्ही होतात तिकडे समुद्र फार लांब. तिथे पौर्णिमेच्या पहाटे खाडी भरलेली असू शकते. तुम्ही खरं बोलत होतात. मिठागरावरच्यांना हे पत्र दाखवा, न पटल्यास मी पुस्तक घेऊन येतो.

काका, लहानपणी तुमच्या सोंगाची दोरी मी ओढली होती. तुम्ही दाराच्या फटीतून मला पाहिलंत, हे मला माहीत आहे. तरी तुम्ही माझ्यासाठी रांगेत उभे राहिलात. मला माफ करा.

शिमग्याला येतो. दार लावून बसू नका.

तुमचा,
शेजारचा"