मालकांच्या शुभहस्ते

माझं मेडिकल हुकलं, पण आईला लातूर लागलं. अकरावी-बारावीची दोन वर्षं ती माझ्यासाठी नांदेडहून येऊन इथे खोली करून राहिली होती, इथे बऱ्याच आया राहतात तशी. निकालानंतर मी सामान बांधायला घेतलं तेव्हा ती म्हणाली, "मी इथंच काहीतरी करणार. माझं स्वतःचं." बाबांची नोकरी नांदेडला. ते शनिवारी आले, हे ऐकलं, आणि चहात अजून एक चमचा साखर घातली.

आईनं क्लासेसच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर हॉल भाड्यानं घेतला. साठ टेबलं, प्रत्येकावर दिवा. अभ्यासिकेच्या बोर्डवरची अक्षरं तिनं स्वतः काढून दिली. उद्घाटनाला नायगावच्या तिच्या शाळेतल्या बाईंना बोलवायचं ठरलं.

हॉल ज्यांचा होता ते काका हे ऐकून खुर्चीवरून उठलेच. "ताई, बाईंना बोलवा, गाव बोलवा. पण फीत मालकांच्या हातून कापा."

मालक नेमके कशाचे, हे गल्लीत कुणी विचारत नसे. वसतिगृहं त्यांची, मेस त्यांच्या, पाण्याचे जार त्यांचे, कोपऱ्यावरच्या दोन अभ्यासिकाही त्यांच्याच.

"म्हणजे ज्यांच्याशी स्पर्धा, त्यांनाच बोलवायचं?" मी विचारलं. मी बाहेरच्यांशी सहसा बोलत नाही, त्यामुळे काका दचकले.

"त्या ज्यूसवाल्यानं न्हाई बोलावलं त्यांना."

"मग काय केलं त्यांनी?"

"काईच न्हाई केलं. समोरच्या गाड्यावर रोज खुर्ची टाकून ज्यूस प्याले. तीन महिने."

त्या दुकानाच्या जागी आता झेरॉक्स आहे. त्याची फीत मालकांनी कापली.

त्यांच्या ऑफिसनं तारीख दिली, मग पुढची, मग तिच्याही पुढची. क्लासेस सुरू झाले, मुलं थांबेनात. आईनं चाळीस जणांना बसू दिलं, पण दाराची फीत तशीच ठेवली. मुलं सॅक पोटाशी धरून तिच्याखालून वाकत आत येत, गाभाऱ्यात शिरल्यासारखी. अखेर एका सकाळी ऑफिसातून फोन आला. मालक अकराला येतायत, हॉल मोकळा ठेवा, वापरातल्या जागेचं उद्घाटन ते करत नाहीत. नायगावहून बाईंना बोलवायला वेळच उरला नाही. आम्ही चाळीस जणांना पुस्तकांसकट गच्चीवर पाठवलं. फीत कापून झाल्यावर भाषणाला माणसं हवीत म्हणून त्यांनाच खाली बोलावलं.

सूत्रसंचालन माझ्यावर आलं, मी इंग्रजी शाळेतली म्हणून. मालकांचा परिचय चार पानांचा होता. घाबरून मी मधली दोन पानं उलटली. कुणाच्याही लक्षात आलं नाही, मालकांच्यासुद्धा.

मालक बुटके, हळू बोलणारे. एका टेबलाशी बसून त्यांनी दिवा लावून पाहिला, विझवला, आईला फी विचारली आणि "छान" म्हणाले. मग माईक घेतला. "ही आमची भैन. आपल्या लेकरांसाठी तिनं आज लई मोठा निर्णय घेतलाय. वर्षभर सगळ्यांना फी निम्मी!"

टाळ्या पडल्या. आपला निर्णय आई पहिल्यांदाच ऐकत होती. सगळे वाजवत होते म्हणून तिनंही टाळ्या वाजवल्या.

निम्म्या फीमध्ये हॉलचं भाडंही निघालं नसतं. माझ्या हातातल्या आभाराच्या कागदावर इलेक्ट्रिशियनपासून सुरुवात होती. पण तोंडून निघालं, "आणि उरलेली निम्मी फी मालक स्वतः भरणार आहेत, त्याबद्दल आपण त्यांचे आभारी आहोत."

आधीपेक्षा मोठ्या टाळ्या पडल्या. एक शिट्टीही. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, बाजारात एखादा भाव पटावा तसं. "पोरगी हुशार हाय तुमची," ते आईला म्हणाले.

चार दिवस मी जिंकले असं समजत होते. पाचव्या दिवशी दोन माणसं चेक आणि फ्लेक्स घेऊन आली. चेक उरलेल्या निम्म्या फीच्या पूर्ण रकमेचा होता. फ्लेक्सवर मालक हात जोडून उभे होते, खाली 'यांच्या सौजन्याने'. "तुमचा बोर्ड जरा खाली दबून राहिलाय, ताई. चालतंय ना?" एकानं शिडीवरून विचारलं. आईची अक्षरं झाकून झाली होती.

आठवड्यात साठही जागा भरल्या. उरलेली मुलं कोपऱ्यावर मालकांकडे गेली, पूर्ण फी भरून.

"चेक परत करू," मी म्हटलं.

"आणि मुलांना काय सांगू? फी दुप्पट झाली?"

शनिवारी बाबा आले. "परवडतंय ना?"

"परवडतंय."

"मग अडलंय कुठं?"

पुढच्या महिन्यात एक मुलगी गावी परतली, एक टेबल रिकामं झालं. फोन आला, "मालकांची अभ्यासिका का?"

"नाही. ही माझी आहे," आई म्हणाली.

"मग मालकांचा नंबर द्या की."

आईनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी जळकोटहून एकांनी तेच विचारलं, तिनं तेच सांगितलं. रात्री त्या टेबलावरचा दिवा तिनं उगाचच पुसला.

तिसरा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. "मालकांची अभ्यासिका का?" समोर एकोणसाठ माना खाली होत्या. आईनं त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"हाव," ती म्हणाली. "बोला."