भांडतं का पोर?

मूल शहाण्यासारखं वागतंय हे ऐकून जिचा चेहरा पडावा आणि मूल डोक्यावर बसलंय हे ऐकून जिने पेढे वाटावेत, अशी बाई उभ्या नाशिक जिल्ह्यात एकच असेल. आणि देवाच्या कृपेने म्हणा किंवा माझ्या पत्रिकेतल्या एखाद्या वाकड्या ग्रहामुळे म्हणा, ती नेमकी माझी साहेब होती. ऑफिसात सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणायचे. मोठ्या कशाने, हे कुणी विचारलं नाही, आवाजाने असाव्यात. गंगापूर रोडवरच्या आमच्या ऑफिसात त्यांनी "कोण आहे रे तिकडे?" अशी हाक दिली, की खालच्या मजल्यावरचा झेरॉक्सवाला दचकून दुकानाबाहेर यायचा.

आमचं काम थोडक्यात सांगते. काही मुलांना काही काळ आपल्या आईबापाजवळ राहता येत नाही. आई आजारी असते, बाप निघून गेलेला असतो, कधी दोघंही नसतात आणि काका-मामांची चालढकल सुरू असते. अशा मुलांना वसतिगृहात न टाकता एखाद्या चांगल्या कुटुंबात राहायला द्यायचं, याला फॉस्टर केअर म्हणतात. कागदावर त्या कुटुंबाला प्रतिपालक कुटुंब म्हणतात, पण तो शब्द एका दमात म्हणून दाखवणारं प्रतिपालक कुटुंब मला अजून भेटायचं आहे. अशी घरं शोधायची, मुलांना तिथे रुळवायचं, वरचेवर जाऊन बघायचं, हे आम्हा कार्यकर्त्यांचं काम. आणि आम्ही ते धड करतोय ना, हे बघायचं मोठ्या बाईंचं. सरकारी भाषेत आम्ही केसवर्कर. पण 'केस' हा शब्द बाईंसमोर काढायची सोय नव्हती. "केस डोक्यावर असतात. आपल्याकडे पोरं असतात," असं त्या म्हणायच्या. त्यांच्या टेबलाच्या खणात एक कंगवा होता. मीटिंगमध्ये कुणी "माझ्या सिन्नरच्या केसमध्ये..." अशी सुरुवात केली की त्या एक शब्द न बोलता कंगवा पुढे सरकवायच्या, आणि त्या मुलीने वेणी सोडून पुन्हा घातल्याशिवाय पुढचं ऐकायच्या नाहीत. आमच्यात पुरुष एकच, आणि त्याच्या डोक्यावर विंचरण्याजोगं काही उरलेलं नव्हतं. त्यालाही सूट नव्हती. तो बिचारा गंभीर चेहऱ्याने कपाळापासून मानेपर्यंत कंगवा फिरवायचा आणि मगच सिन्नरला पोचायचा.

मीटिंग म्हणजे तरी काय? इतर संस्थांत असल्या बैठकांना फळा असतो, लॅपटॉप असतो, बिस्किटांची बशी असते. आमच्याकडे मटार असायचे. मटारांचा हंगाम सरला की मेथी, मेथी सरली की गवार, आणि काहीच नसेल तेव्हा बारमाही लसूण. बाई घरून भाजीची पिशवी घेऊन यायच्या, मधोमध वर्तमानपत्र पसरायच्या आणि सगळ्यांच्या पुढ्यात ढीग टाकायच्या. "हात रिकामे असले की माणूस अहवालासारखं बोलायला लागतं," हे त्यांचं तत्त्व. आम्ही बाईंची भाजी फुकटात निवडून देतो अशी चेष्टा खालचा झेरॉक्सवाला करायचा, आणि त्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण एक खरं, की शेंगा सोलता सोलता माणूस जे बोलायचा ते खुर्चीत ताठ बसून कधीच बोलला नसता. "बाई, त्या घरातून निघताना मला रडू येतं," हे एका नव्या मुलीने गवारीचं देठ मोडताना सांगितलं होतं. एकदा मुंबईहून एक बडे अधिकारी आमचं काम तपासायला आले. बाईंनी त्यांच्याही पुढ्यात लसणाचे गड्डे ठेवले. साहेबांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, मग कोट काढला. तासाभराने साहेब तपासणी विसरून, आपला मुलगा पुण्याला शिकायला गेल्यापासून फोन उचलत नाही, हे सांगत होते. जाताना त्यांनी बोटं हुंगली आणि म्हणाले, "काम चांगलं चाललंय तुमचं."

घरोघरी जाण्याची बाईंची तऱ्हा आणखी वेगळी. मोठ्यांना सरसकट अरे-तुरे, मग तो सरपंच का असेना. आणि मुलांना मात्र अहो-जाहो. "काय हो, दात पडला वाटतं तुमचा?" असं त्या चार वर्षांच्या पोराला अदबीने विचारायच्या आणि ते पोर स्वतःला एकदम तहसीलदार समजायला लागायचं. घरात गेल्या की कागदपत्रं मागायच्या नाहीत. आधी उंबऱ्याशी थांबून चपला बघायच्या. पोराची चप्पल घरच्यांच्या चपलांच्या ढिगात पडलीय, की एका कडेला नीट जोडून ठेवलीय? मग न्हाणीजवळ वाळणारे टॉवेल. मग एकच प्रश्न, प्रत्येक घरात, एकाच सुरात: "भांडतं का पोर?"

कारण बाईंचा सगळा डोलारा या एका प्रश्नावर उभा होता. त्यांचं म्हणणं असं, की परक्या घरात माणूस गोड वागतो. मागतील ते देतो, वाढलं ते खातो, "नको, पुरे" म्हणतो. भांडायला हक्क लागतो, आणि हक्क वाटायला आधी विश्वास लागतो, की आपण कितीही आरडाओरडा केला तरी हे लोक आपल्याला बाहेर काढणार नाहीत. म्हणून विंचूरहून एका बाईचा रडवेला फोन आला, "मॅडम, पोरानं रागात ताट भिरकावलं हो," की आमच्या बाई टाळी वाजवून शिपायाला पेढे आणायला पिटाळायच्या. त्या विंचूरच्या बाईंनी पुढे किती तरी दिवस आमच्या ऑफिसला वेड्यांचा बाजार समजून फोन केला नव्हता.

याच तत्त्वापायी एकदा माझ्यावर बाका प्रसंग आला. निफाडजवळच्या एका वस्तीवर मंदाताई आणि भाऊसाहेब नावाचं जोडपं होतं. द्राक्षाची बाग, दोन गाई, पोटी मूल नाही. त्यांच्याकडे मी रेणू नावाची सहा वर्षांची मुलगी ठेवली होती. तिचा बाप कधीच घर सोडून गेलेला, आणि आई मनाच्या आजाराने इतकी खचलेली की मुलीला जेवू घालायचंही तिला सुचत नव्हतं. आईवर उपचार सुरू होते. रेणू मात्र निफाडला अशी राहिली की बघत राहावं. सांगण्याआधी उठायची, अंथरुणाची घडी घालायची, स्वतःची ताटली घासायची, वर मंदाताईंचीही घासू लागायची. मी बैठकीत मेथी निवडताना फुशारकीने म्हटलं, "बाई, अगदी शहाणी आहे हो. तक्रारीला जागा नाही."

बाईंच्या हातातली जुडी खाली पडली. "एकदाही रडली नाही?"

"नाही."

"काही मागितलं?"

"काहीच नाही. फार समजूतदार आहे."

"सहा वर्षांची आहे की साठ?" म्हणत बाई उठल्या. "चल, व्हॅन काढायला सांग."

निफाडला पोचलो तर रेणूची चप्पल भिंतीला टेकवून, एकमेकीला चिकटवून ठेवलेली. बाईंनी मला ती बोटाने दाखवली. आत मंदाताईंनी कौतुकाने चहा टाकला. "लय गुणाची पोर हाय, बाई. मला तर कधीकधी भ्याच वाटतं, इतकी गुणाची." कोपऱ्यात रेणूची कपड्यांची पिशवी होती, गाठ मारलेली. मंदाताईंनी कपाटात कप्पा रिकामा करून दिला होता, पण पोरगी रोज पिशवीतून कपडे काढायची आणि धुऊन वाळले की पुन्हा पिशवीत ठेवायची. कधीही निघायची तयारी.

बाईंनी आपल्या झोळीतून सापशिडीचा पट काढला. "काय हो रेणूताई, खेळता का? मंदा, तूही बस." खेळ सुरू झाला आणि मी माझ्या आयुष्यात पाहिली नाही अशी लबाडी पाहिली. फाशावर दोन पडले की बाई पाच घरं जायच्या. शिडी शेजारच्या घरात असली तरी खुशाल चढायच्या. रेणू बघायची, ओठ घट्ट मिटून घ्यायची आणि आपली सोंगटी मुकाट्याने मोजून सरकवायची. मग बाईंची सोंगटी वरच्या रांगेतल्या एका मोठ्या सापाच्या तोंडात पडली. सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई जागच्या हलेनात.

"हा साप बिनविषारी आहे," त्या म्हणाल्या.

रेणूच्या नाकपुड्या फुगल्या.

"आणि झोपलाय," बाई म्हणाल्या आणि सोंगटी पुढे सरकवली.

"खाली या!" रेणू इतक्या जोरात ओरडली की ओसरीवरचं मांजर पळालं. "लबाडी करताय तुम्ही! सारखी लबाडी करताय! मघाशीबी केली! खाली या म्हणते ना!" तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं. ते पाणी सापशिडीचं नव्हतं, हे मलाही कळलं. बाई निर्लज्जपणे म्हणाल्या, "मी नाही येणार. मी मोठी साहेब आहे."

त्यावर मंदाताई पदर खोचून उठल्या. "ओ साहेब," त्या म्हणाल्या, "तुम्ही असाल तुमच्या हापिसात. माझ्या पोरीशी लबाडी नाय करायची. या खाली!" आणि त्यांनी स्वतः बाईंची सोंगटी उचलून सापाच्या शेपटीशी आपटली. रेणू थक्क होऊन मंदाताईंकडे बघत राहिली, आणि मग त्यांच्या कमरेला मिठी मारून हमसून हमसून रडली. बाईंनी पट गुंडाळला. परत येताना व्हॅनमध्ये त्या इतक्या खुशीत होत्या की मिसळ खायला घालूनच त्यांनी मला घरी सोडलं.

थोड्याच दिवसांत मंदाताईंचा फोन आला. पोरगी भेंडीला तोंड लावत नाय, शाळेला निघताना उलट बोलते, आणि काल तर "तू माझी खरी आई नाय" म्हणून दार आपटलं. ऑफिसात पेढे आले. बाईंनी खालच्या झेरॉक्सवाल्यालाही पाठवले.

पुढची गोष्ट मात्र पेढ्यांची नव्हती. दीडेक वर्षानं रेणूची आई बरी झाली. वणीला भावाच्या आधाराने राहू लागली, नारळ-ओटीच्या दुकानात कामाला लागली. लेकीला न्यायची तिची धडपड होती आणि बालकल्याण समितीनेही ते मान्य केलं. आमच्या कामाचा हेतूच तो. मूल शेवटी आपल्या माणसांकडे परतावं. हे मंदाताईंना सांगायचं काम माझं होतं, पण बाई म्हणाल्या, "मी येते. शिव्या मला बसू दे."

आणि बसल्या. मंदाताई तोंडाला येईल ते बोलल्या. "तुम्हीच म्हनल्या ना, पोरीला घरची करा? केली. आता कशाला आल्या? काळीज हाय का नाय तुम्हाला?" भाऊसाहेब "अगं, असू दे" म्हणत राहिले आणि मग स्वतःच बागेत निघून गेले. बाईंनी एकदाही कायदा सांगितला नाही, समजूत घातली नाही. मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मंदाताई थकून खाली बसल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "तिच्या आईला पोर काय खाते, काय नाही, ठाऊक नाही गं. तू सांग. माझ्याबरोबर वणीला चल."

"मी नाय येनार."

बाई जाऊन व्हॅनमध्ये बसल्या. मला वाटलं आता निघायचं, पण त्या निघेनात. बऱ्याच वेळाने मंदाताई बाहेर आल्या. लुगडं बदललेलं, तोंड धुतलेलं. येऊन मागच्या सीटवर बसल्या. रेणूची आई दुकानामागच्या खोलीत आमची वाट बघत उभी होती. बारीक, हडकुळी, हात कुठे ठेवावेत ते न कळणारी. मंदाताई खरं तर तिच्यात खोट काढायला आल्या होत्या. त्यांनी तिला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि त्यांचा आवाज उतरला. "ती भेंडी खात नाय," त्या म्हणाल्या. "आन ताप आला की पाय दाबून मागते. रागं भरली तर लगेच समजूत काढायची नाय, जरा येळ थांबायचं." रेणूची आई एकेक गोष्ट मान डोलावत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ताई, सुट्टीला मी तिला तुमच्याकडंच धाडीन. माझ्या पोरीला दोन घरं असली तर काय बिघडलं?" तिने ते पाळलं. रेणू दर सुट्टीला निफाडला जाते.

याला आता दहाएक वर्षं झाली. मोठ्या बाई निवृत्त झाल्या आहेत. गेल्या फेब्रुवारीत मंदाताईंचा फोन आला, द्राक्षं उतरायला आलीत, बाईंना घेऊन या. मी माझ्या गाडीतून त्यांना घेऊन गेले. आम्ही ओसरीवर टेकलो तोच एक मोठी मुलगी पाण्याचे पेले घेऊन बाहेर आली. रेणू होती. चार दिवस सुट्टी जोडून आली होती. तिने माझ्याकडे बघून ओळखीचं हसू दिलं, कारण मी अधूनमधून भेटते. बाईंकडे पाहिलं आणि आत वळून विचारलं, "काकू, ह्या कोण?"

मंदाताई बाहेर येऊन सांगायला लागल्या, "अगं, ह्या नाय का..." तोच बाईंनी हात वर केला. "मी यांच्या ओळखीची," त्या म्हणाल्या. "द्राक्षं खायला आलेय. गोड आहेत का हो यंदा?"

"लय गोड," रेणू म्हणाली आणि बागेकडे पळाली.

परतताना मला राहवेना. "बाई, तिला सांगायला हवं होतं. तुम्ही तिच्यासाठी केवढं केलंत."

मांडीवरची द्राक्षांची पेटी सावरत त्या म्हणाल्या, "मी तिला आठवले असते, तर माझ्याबरोबर ते पिशवीला गाठ मारून ठेवायचे दिवसही आठवले असते. विसरली तेच बरं."

मग त्यांनी खिडकीची काच खाली केली. बाहेर बागांमागून बागा सरत होत्या. चांदोरी मागे पडल्यावर त्यांनी अचानक विचारलं, "उंची आईवर गेलीय का गं तिची?"

"हो, आईच उंच आहे," मी म्हटलं.

"छान," त्या म्हणाल्या. आणि नाशिक जवळ आल्यावर, जणू मी गाडीत नाहीच अशा आवाजात, पुन्हा एकदा म्हणाल्या, "छान उंच झाली."