बशीचं बूड

घराण्याची खरी ओळख बशीच्या बुडाशी लिहिलेली असते, असं कळंबचे आमचे शेजारी मानतात. कुणाकडंही गेले की ते बशी उलटी करतात आणि चष्मा कपाळावर चढवून शिक्का वाचतात. ‘निप्पॉन’ असेल तर जुनी, ‘मेड इन जपान’ असेल तर त्यानंतरची, आणि नकली असेल तर ते तसं तोंडावर सांगतात. त्यामुळं गावात बरेच जण त्यांना स्टीलच्या पेल्यात चहा देतात.

भाचीची सोयरीक ठरवायला जवळच्याच वाशीला जाताना त्यांनी मलाही नेलं. मुलाच्या वडिलांनी खास कपबशा काढल्या. "आमच्या आजोबांना निजामाच्या सरदारानं दिलेल्या. अस्सल जपानी हायत, मामा."

मामांचा हात बशीकडं गेला. त्यांची बहीण, मुलीची आई, हळूच म्हणाली, "दादा, आज नको. पोरीच्या जन्माचा प्रश्न हाय."

त्यांनी बशी उलटी केलीच. बराच वेळ पाहिली. "लई जुनं काम," ते म्हणाले. "असं आता बघाया मिळत न्हाय."

लगेच सुपारी फुटली.

परतताना एसटीत मी विचारलं, "शिक्का कुठला होता?"

"शिक्का नव्हताच. मायक्रोवेव्हमध्ये चालते, असं लिवलं होतं."