ओट्याची फरशी

जळगावला आमच्या समोरच्या घरात एक अक्का राहायच्या. उन्हाळ्यात ओट्यावर कुणी आलं, की ‘बस’ म्हणण्याआधी त्या फरशीवर तळवा टेकवून बघायच्या. रेडिओवर पारा उतरल्याचं सांगितलं, की पुटपुटायच्या, “ते हवेचं सांगतात. आपल्याले बसायचं फरशीवर शे.”

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी वारं सुटलं होतं. मी अक्कांच्या ओट्याशी उभा होतो. यावलची बस चुकलेली एक बाई झोपलेलं बाळ घेऊन तिथे टेकायला आली. वारं गार लागलं म्हणून ती बाळाला फरशीवर ठेवायला वाकली, तोच अक्कांनी मध्ये हात घालून त्याला उचललं आणि मांडीवर घेतलं.

“वारा आता आला, माय. फरशी दिवसभरनी तापेल शे.”

मग एका हाताने त्यांनी फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं.

गल्लीतले दिवे लागले. “आता ठेवते खाली,” बाई म्हणाली.

“थांब, अजून गरम शे,” अक्का बाळाकडे बघतच म्हणाल्या.

मी सहज तळवा टेकवला. फरशी केव्हाच निवली होती. मी हात मागे घेतला आणि उभाच राहिलो.