म्हातारी जेवत नाही

कात्रीकाकांच्या सलूनमध्ये त्या आठवड्यात एकच विषय होता. "म्हातारी जेवत नाही हो," गिऱ्हाइकाच्या मानेवर पावडर लावता लावता ते सांगायचे. नवखा माणूस हळहळायचा, "आई का?" मग बाकावरचे जुने लोक खिदळायचे, कारण म्हातारी म्हणजे काकांच्या घरची सशीण. पांढरी, अंगोरा जातीची, केस एवढे की डोळे शोधावे लागत. वाऱ्यावर उडत येते त्या कापसाच्या म्हातारीवरून काकूंनी तिचं नाव ठेवलं होतं. "आता घरात दोन म्हाताऱ्या, सांभाळा," असं वर काकांना ऐकवलंही होतं.

त्या काकूंना जाऊन आता महिना उलटला होता.

म्हातारीचं सगळं काकूंच्या हातचं. सकाळी पिंजऱ्यात वाळलेलं गवत ठासून भरायचं, मूठभर पाला, ताजं पाणी. संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन निवांत विंचरायचं. एकदा काकांनी हौसेने कंगवा उचलला तर काकू फिस्कारल्या, "ठेवा तो खाली! तुमचा हात दुकानातला, घाईचा. तिच्या केसांना तुम्ही हात लावायचा नाही." जन्मभर लोकांचे केस विंचरून पोट भरणाऱ्याला असं सुनावणारी ती एकटीच. काका मुकाट बाजूला झाले.

त्या गेल्यावरही त्यांनी तो हुकूम मोडला नाही. मोडला तर ओरडायला कोणी नाही, हे मान्य करावं लागलं असतं आणि तेवढी छाती त्यांच्यात नव्हती. लाड मात्र वाढले. बिचारीने गवत काय चघळायचं, म्हणून गाजरं आली, सफरचंदाच्या फोडी आल्या, चहाबरोबरचं बिस्किटसुद्धा. सुरुवातीला तिने चट्टामट्टा केला. मग तोंड फिरवलं आणि अंग चोरून कोपऱ्यात बसू लागली.

काकांना रडू आलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. काकू गेल्या त्या दिवशी त्यांना स्वतःला सपाटून भूक लागली होती. शेजारणीने आणलेलं ताट त्यांनी चाटूनपुसून संपवलं होतं, आणि त्याची लाज अजून मनातून जात नव्हती. निदान घरात कोणीतरी रीतसर दुःख करतंय, असं त्यांना वाटलं. म्हणून तर ते दुकानात सांगत सुटले, "मुकं जनावर, पण माया बघा. तिच्यापायी अन्न सोडलंय."

शेवटी मुलीने फोनवर दटावलं, तेव्हा ते म्हातारीला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे गेले. बाईंनी तिचं खाणंपिणं विचारून घेतलं, पोट चाचपलं. पोटाखालचे केस उचलू गेल्या, तर सगळ्यांची मिळून एकच जट हातात आली.

"विंचरत नाही का हिला?"

काका टोपलीतलं फडकं नीट करू लागले.

"ससा अंग चाटतो, काका. केस पोटात जातात आणि त्याला ओकता येत नाही. भरपूर गवत खाल्लं तर ते पुढे सरकतात. तुम्ही गवतही बंद केलंत. आत सगळं अडकलंय."

"पण मला वाटलं, हिला तिची आठवण..."

बाईंचा आवाज मऊ झाला. "भूक असेल हो तिला. खाता येत नाहीये."

औषध दिलं, पिचकारीने पाणी पाजलं. काकांनी दुकान बंद ठेवलं आणि तिला मांडीवर घेऊन बोटाबोटाने जटा सोडवत बसले. ती हलली नाही, चावलीही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तशीच मांडीवर गार झाली.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ऐकून तीही रडली. म्हणाली, "बाबा, वाईट वाटून घेऊ नका. आईच्या मागे गेली ती. केवढा जीव होता दोघींचा."

हो म्हणणं किती सोपं होतं.

"नाही गं," ते म्हणाले. "तुझ्या आईच्या मागे कोणीच गेलं नाही. ही माझ्या हातून उपाशी मेली."